कोकम सरबत ओतणारं यंत्र: घरच्या घरी, मोजूनमापून

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आई साठ-सत्तर पेले कोकम सरबत करते आणि शेवटच्या पेल्याची चव पहिल्या पेल्यासारखीच लागते. तिच्या हाताला ते प्रमाण बसलेलं आहे. माझ्या हाताला नाही. मी पाक ओतला की एक पेला अगोड होतो, दुसरा मिट्ट गोड. म्हणून हे यंत्र केलं. पेला ठेवायचा, बटण दाबायचं, ठरलेला पाक आणि ठरलेलं पाणी पेल्यात पडतं. एका पेल्याला सोळा सेकंद लागतात.

अशा यंत्राबद्दल बोलताना सगळे आर्डुइनो (प्रोग्रॅम भरून यंत्र चालवणारा छोटा बोर्ड) आणि वायरींबद्दलच बोलतात. ते काम दोन संध्याकाळी उरकतं. खरा वेळ जातो तो मोजमापात आणि स्वच्छतेत, आणि तो द्यायलाच हवा, कारण शेवटी हे माणसांच्या पोटात जाणार आहे. म्हणून या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिलं आहे.

आधी पेय ठरवा

मी अमृत कोकम निवडलं, म्हणजे रातांब्याच्या सालीत साखर भरून उन्हात मुरवलेला गोड पाक. तो गाळून घेतला की एकसारखा वाहतो, आणि साखर भरपूर असल्यामुळे टिकतो. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, खारट असतं. त्यातून सरबत करायचं तर साखर वेगळी लागते, म्हणजे यंत्रात आणखी एक बाटली आणि आणखी एक पंप. पहिल्या यंत्राला तो व्याप नको.

पन्हं करून पाहिलं. कैरीचा गर मलमलीतून दोनदा गाळूनही त्यातला रेषा तीन मिलिमीटरच्या नळीत अडकला. सोलकढी, ताक आणि दुधाचं काहीही या यंत्रात घालू नका. नारळाचं दूध उन्हाळ्यात काही तासांत आंबतं, आणि नळीच्या आत काय साचलं आहे ते आपल्याला दिसत नाही. जिऱ्याची पूड आणि सैंधवही पाकात मिसळू नका. पूड तळाशी बसते आणि नळीत जाऊन चिकटते. ती चिमूटभर आधीच पेल्यात टाकून ठेवावी.

पंपाची निवड

पाकासाठी पेरिस्टाल्टिक पंप घ्या. त्याच्या आत सिलिकॉनची नळी अर्धगोल बसवलेली असते आणि फिरणारे रोलर ती दाबत पुढे जातात. टूथपेस्टची ट्यूब मागून दाबत आणावी तसा आतला पाक पुढे सरकतो. डायलिसिसच्या यंत्रात रक्त फिरवायला याच तत्त्वाचा पंप असतो, कारण आतला द्रव नळीशिवाय कशालाही लागत नाही. कोकमासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. धातूचे भाग असलेल्या पंपातून कोकम फिरवणं म्हणजे तेच.

दुसरा फायदा असा की पंप थांबला तरी रोलर नळी दाबूनच ठेवतो. त्यामुळे पाक मागे जात नाही आणि पुढेही गळत नाही.

हा पंप मात्र हळू असतो. मिनिटाला शंभर मिली लिहिलेला बारा व्होल्टचा छोटा पंप मी घेतला. एका पेल्याचा पाक ओतायला त्याला जवळजवळ अर्धा मिनिट लागत होता आणि मागे बायकांची रांग लागली. मग तसाच दुसरा पंप घेऊन त्याच बाटलीत त्याचीही नळी सोडली. वेळ निम्मा झाला.

पाण्यासाठी पेरिस्टाल्टिक चालणार नाही, दीडशे मिली पाण्याला दीड मिनिट जाईल. बारा व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप (आतला पडदा पुढेमागे हलवून पाणी ढकलणारा) घ्या, आणि ‘पिण्याच्या पाण्यासाठी’ असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. माशांच्या टाकीचा किंवा कूलरचा पंप स्वस्त पडतो, पण त्याच्या आतलं प्लास्टिक आणि वंगण कशाचं आहे ते कोणी सांगत नाही.

पंपाऐवजी सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेने उघडणारी झडप, लावून वरच्या भांड्यातलं पाणी सोडावं, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. बाजारात सहज मिळणाऱ्या अर्ध्या इंची प्लास्टिक व्हॉल्व्हला उघडायला किमान ०.०२ मेगापास्कल दाब लागतो, असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. म्हणजे पाण्याची पातळी व्हॉल्व्हच्या वर दोन मीटर हवी. ओट्यावर ठेवलेल्या कळशीतून तो दाब मिळत नाही. व्हॉल्व्ह टक करून वाजतो आणि पाणी नुसतं ठिबकतं.

नळ्या

सगळ्या नळ्या फूड ग्रेड सिलिकॉनच्या घ्या. गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी दिसायला तशीच असते आणि हार्डवेअरच्या दुकानात पटकन मिळते, पण ती पिण्याच्या पदार्थासाठी नाही. सिलिकॉनची नळी उकळत्या पाण्यात टाकता येते, म्हणून ती थोडी महाग पडली तरी घ्यावी. कोकमाचा रंग आणि वास तिच्यात मुरतो. एकदा कोकमाला वापरलेली नळी कोकमाचीच ठेवा. उद्या वाळ्याचं सरबत करायचं असेल तर त्याची नळी वेगळी.

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान

पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सगळं एका फेरीत मिळतं. एक आर्डुइनो उनो. बारा व्होल्ट पाच अँपिअरचा बंद डब्यातला अडॅप्टर. तीन लॉजिक लेव्हल मॉस्फेट (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), तीन १एन४००७ डायोड, २२० ओहम आणि १० किलोओहमचे प्रत्येकी तीन रेझिस्टर, १०४ क्रमांकाचे तीन सिरॅमिक कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक कपॅसिटर. दोन पुश बटणं, लांब पट्टीचा एक मायक्रोस्विच, एक झिरो पीसीबी (भाग सोल्डर करायची भोकांची पाटी) आणि स्क्रूचे कनेक्टर.

मॉस्फेट घेताना क्रमांक नीट वाचा. आयआरएलझेड४४एन हवा. आयआरएफझेड४४एन नको. फरक एका अक्षराचा आहे आणि काउंटरवरच्या घाईत दुसराच हातात पडतो. ‘एल’वाला पाच व्होल्टवर पूर्ण उघडतो. ‘एफ’वाल्याला त्यासाठी दहाच्या आसपास व्होल्ट लागतात. आर्डुइनोच्या पाच व्होल्टवर तो अर्धवट उघडतो, तापतो आणि पंप मरगळल्यासारखा फिरतो.

मॉस्फेटऐवजी रिले मॉड्यूल (कॉइलच्या चुंबकाने चालणारे स्विच) लावलं तरी काम होतं, पण मला मॉस्फेट बरा वाटतो. एका रिलेची कॉइल साधारण सत्तर मिलिअँपिअर खाते. तीन रिले आणि बोर्ड मिळून अडीचशेच्या पुढे जातात. बाराचे पाच व्होल्ट करताना उनोवरच्या रेग्युलेटरला तेवढ्यावर पावणेदोन वॅटच्या आसपास उष्णता सोसावी लागते आणि हात लावला तर चटका बसतो. मॉस्फेटच्या गेटला प्रवाह जवळपास लागतच नाही, म्हणून बारा व्होल्ट थेट उनोच्या गोल सॉकेटला दिले तरी चालतात.

जोडणी

एका पंपाची जोडणी सांगते, बाकी दोन तशाच.

पंपाची धन वायर बारा व्होल्टला. ऋण वायर मॉस्फेटच्या ड्रेनला. मॉस्फेटवरची अक्षरं आपल्याकडे करून धरली की डावा पाय गेट, मधला ड्रेन, उजवा सोर्स. सोर्स ग्राउंडला. उनोच्या पिनेतून २२० ओहमचा रेझिस्टर गेटला, आणि गेटपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहम. हा दुसरा रेझिस्टर वगळू नका. बोर्ड सुरू होत असताना पिना काही क्षण मोकळ्या असतात. त्या वेळी पंप बंद ठेवण्याचं काम हाच करतो.

डायोड पंपाच्या दोन टोकांवर, पट्टी असलेली बाजू बारा व्होल्टकडे. पंप बंद होताना मोटरची कॉइल उलटा झटका देते, तो डायोडमधून फिरून विरतो. डायोड उलटा लागला तर मॉस्फेट उघडताच बारा व्होल्ट शॉर्ट होतात. सोल्डर करण्याआधी पट्टी दोनदा बघा. १०४ चा कपॅसिटर मोटरच्या टोकांवरच सोल्डर करा. तो नसेल तर मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांनी बोर्ड मधूनच रीसेट होतो, आणि ही चूक शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो. मोठा कपॅसिटर अडॅप्टरच्या वायरी बोर्डावर येतात तिथे, धन-ऋण पाहून.

पंपांसाठी पिना पाच, सहा आणि नऊ घेतल्या. शून्य आणि एक कॉम्प्युटरशी बोलण्यासाठी आहेत, आणि तेरावरचा दिवा बोर्ड सुरू होताना आपोआप लुकलुकतो. त्या पिनेवर पंप असेल तर तोही हिसके देईल. अडॅप्टर आणि उनो यांचं ग्राउंड एकच हवं. मॉस्फेटच्या पाठीवरचा धातूचा पत्रा आतून ड्रेनला जोडलेला असतो, म्हणून तिन्ही मॉस्फेट एकमेकांना टेकू देऊ नका.

बटणं आणि मायक्रोस्विच एका बाजूने पिनेला, दुसऱ्या बाजूने ग्राउंडला. प्रोग्रॅममध्ये त्या पिनांचा आतला पुलअप (पिन पाच व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) चालू केला की वेगळा रेझिस्टर लागत नाही. मायक्रोस्विच पेल्याच्या खाली न लावता मागे लावला, वॉटर कूलरवर असते तशी पट्टी. पेला मागे सरकवला की ती दाबली जाते. खाली लावलेला स्विच स्टीलच्या पेल्याने दबतो, कागदी पेल्याने नाही.

मांडणी

ओट्यावरची मांडणी मी दोनदा बदलली. पहिल्या वेळी पाण्याचं भांडं वरच्या फळीवर ठेवलं, पंपाला सोपं जाईल म्हणून. रात्री चाचणी करून झोपले. सकाळी भांडं रिकामं, ओट्यावरून पाणी खाली आलेलं आणि चटई भिजलेली. डायफ्रॅम पंपात एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. त्या मागे येणारं पाणी अडवतात, पुढे जाणारं नाही. भांडं तोटीपेक्षा वर असेल तर पंप बंद असतानाही पाणी आपल्या वजनाने वाहत राहतं. म्हणून पाण्याची पातळी कायम तोटीच्या खाली ठेवा. मी भांडं ओट्यावर आणि तोटी त्याच्या काठापेक्षा चार बोटं वर ठेवली.

पाकाची बाटली पंपाच्या जवळ असू द्या. घट्ट पाक ढकलला जातो चांगला, पण ओढला जाताना रेंगाळतो. ओढणारी नळी वीतभरापेक्षा लांब नको.

तिन्ही नळ्या पेल्यापर्यंत वेगवेगळ्या आणा. एकाच तोटीतून काढल्या तर दिसायला सुबक दिसतं, पण पाणी मागे पाकाच्या नळीत शिरतं. दाट पाक आंबत नाही, कारण एवढ्या साखरेत सूक्ष्मजीवांना वाढायला पाणी मोकळं मिळत नाही. तोच पाक पातळ झाला की ते वाढतात आणि पाक आंबायला लागतो. नळीच्या टोकाशी बोटभर पातळ पाक राहिला तरी दुसऱ्या दिवशी पहिल्या पेल्याला आंबूस वास येतो.

बोर्ड झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, बाजूला आणि उंचावर. डब्यात शिरण्याआधी प्रत्येक वायरीला खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाशी टपकेल, आत जाणार नाही. अडॅप्टर ओट्यावर ठेवू नका. उघड्या स्क्रूंचा पत्र्याचा पॉवर सप्लाय स्वस्त मिळतो, पण २३० व्होल्टचे स्क्रू पाण्याशेजारी कशाला? घरच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) असेल तर त्याच लाइनवर लावा.

प्रोग्रॅम

तर्क साधा आहे. पेला मागे सरकलेला असेल आणि बटण दाबलं तर पाकाचे दोन्ही पंप सुरू. पंधरा सेकंदांनी ते बंद. पाणी नवव्या सेकंदाला सुरू होतं आणि पाकानंतर सेकंदभराने थांबतं. पाणी शेवटी पडावं हे मुद्दाम. त्याच्या धारेने खालचा पाक ढवळला जातो, चमचा लागत नाही. पाण्याची तोटी पेल्याच्या आतल्या भिंतीकडे वळवा, नाहीतर पाणी उडतं.

वेळ मोजायला ‘डीले’ ही थांबून राहण्याची आज्ञा वापरू नका. ‘डीले’ चालू असताना बोर्ड दुसऱ्या कशाकडेही बघत नाही. पोराने मधेच पेला उचलला तरी पाक पडतच राहतो. ‘मिलिस’ने (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) सुरुवातीची वेळ टिपून ठेवा आणि प्रत्येक फेरीत किती वेळ झाला ते पाहा. त्याच फेरीत पेल्याचा स्विचही पाहा. सुटला असेल तर सगळे पंप तत्क्षणी बंद. बटण दाबलं की त्याचे पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून पन्नास मिलिसेकंद सलग दाबलेलं दिसलं तरच खरं माना.

पेला भरताना काहीही झालं तरी कोणताही पंप वीस सेकंदांपेक्षा जास्त चालू नये, ही अट वेगळी लिहा. वॉचडॉग, म्हणजे बोर्डातला राखणदार टायमर, तोही दोन सेकंदांवर लावा. प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड रीसेट होतो आणि १० किलोओहमचे रेझिस्टर पंप बंद करतात. जुन्या बूटलोडरचा (बोर्ड सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) नॅनो, म्हणजे आर्डुइनोचाच छोटा बोर्ड, वॉचडॉगने पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो, म्हणून मी उनो घेतला.

दुसरं बटण नळ्या भरण्यासाठी. दाबून ठेवलं तोवर पाकाचे पंप चालतात.

पंप जोडण्याआधी त्यांच्या जागी एलईडी आणि एक किलोओहमचा रेझिस्टर लावून सगळा क्रम पाहून घ्या. मग नुसत्या पाण्यावर. पाक सगळ्यात शेवटी.

मोजमाप

पंपावर लिहिलेला आकडा पाण्याचा असतो, पाकाचा नाही. म्हणून स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा घ्या आणि हिशेब ग्रॅममध्येच करा. साखरेचा दाट पाक पाण्यापेक्षा जड असतो. माझा पाक मिलीला १.३ ग्रॅम भरला, म्हणजे ४० मिली पाक ५२ ग्रॅम. काट्यावरचे ५२ ग्रॅम हे ५२ मिली समजून चाललात तर सरबत अगोड होईल.

एका पंपाने दहा सेकंदांत १७ ग्रॅम पाक दिला, तीस सेकंदांत ५३ ग्रॅम. नुसता भागाकार केला तर दोन वेगळे वेग येतात. वजाबाकी करा. वीस सेकंदांत ३६ ग्रॅम, म्हणजे सेकंदाला १.८. या वेगाने दहा सेकंदांत १८ यायला हवे होते, आले १७. तो एक ग्रॅम पंप वेग घेईपर्यंतच्या वेळेत गेला. म्हणून हवं असलेलं वजन अधिक एक, भागिले १.८. दोन पंपांत वाटून प्रत्येकी २६ ग्रॅम, म्हणजे २७ भागिले १.८, बरोबर पंधरा सेकंद.

पाण्याचंही तसंच. तीन सेकंदांत ६० ग्रॅम, आठ सेकंदांत १७०. वेग सेकंदाला २२, सुरुवातीची तूट सहा ग्रॅम. दीडशे ग्रॅमसाठी १५६ भागिले २२, म्हणजे ७.१ सेकंद.

प्रत्येक माप तीनदा घ्या. पाकाचे दोन्ही पंप वेगवेगळे मोजा. एकाच पेटीतून आलेले असले तरी ते सारखे निघतीलच असं नाही. माप घेण्याआधी नळीतली हवा पूर्ण काढा. मधे बुडबुडा असेल तर तेवढा पाक कमी येतो.

पाक फ्रिजमधून काढून लगेच लावला तर माप फसतं. गार पाक कितीतरी घट्ट होतो, नळी रोलरच्या मागे वेळेत भरत नाही आणि पेला अगोड निघतो. पाक घरातल्या तापमानाला ठेवा, गारवा पाण्याने आणा. माठाचं पाणी उत्तम. रोलरखाली नळीही हळूहळू दमते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आणि मोठ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुन्हा काट्यावर बसा.

शेवटचं माप जिभेचं. मी दहा पेले ओळीने भरून आईला दिले. तिने पहिला आणि दहावा प्यायला आणि म्हणाली, “सारखे आहेत, पण पाक थोडा कमी कर.” पंधराचे चौदा सेकंद केले.

धुणं आणि ठेवणं

कार्यक्रम संपला की उद्यावर टाकू नका. पाकाच्या नळ्या बाटलीतून काढून कोमट पाण्याच्या भांड्यात सोडा आणि पंप चालवा. पहिल्यांदा गुलाबी पाणी येईल, मग फिकट, मग स्वच्छ. स्वच्छ आल्यावरही आणखी दोन मिनिटं चालवा. नंतर नळ्या हवेत धरून पंप चालवा, म्हणजे आतलं पाणी निघून जातं. बाहेरच्या नळ्या सोडवून दहा मिनिटं उकळा. पंपाचं डोकं उघडत असेल तर आतली नळीही काढून उकळा. काही महिने वापर नसेल तर ती बाहेरच राहू द्या, नाहीतर रोलरखाली एकाच जागी चेपून तिथे वळ पडतो. पाण्याच्या पंपातून उकळून कोमट केलेलं पाणी फिरवा, उकळतं नको. ओतायला वापरायचं पाणीही उकळून गार केलेलं किंवा गाळणयंत्राचं.

कार्यक्रमाच्या मधे तासभर खंड पडला तर तोट्यांची टोकं स्वच्छ ओल्या कापडाने पुसा, नाहीतर साखर वाळून पापुद्रा धरतो. नंतरचे दोन-तीन थेंब वेगळ्या वाटीत सोडून मगच पेला लावा.

आणि मुंग्या. पहिल्याच वर्षी दुपारी जेवायला बसलो तेवढ्यात तोटीपर्यंत रांग पोचली होती. आजी दुधाचं पातेलं पाण्याच्या थाळीत ठेवायची, तसं आता यंत्राच्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवते. वायरही पाण्यातून न जाता मुंग्यांना पूल होते, म्हणून ती वरून, भिंतीवरच्या खिळ्यावरून आणते आणि खिळ्याजवळ तिच्यावर व्हॅसलीनचा जाड पट्टा लावते.